उन्हाळी बायोमेडिकल इंजिनिअरिंग संशोधन कार्यक्रम: नववी ते बारावीच्या विद्यार्थ्यांचे आणि पालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

उन्हाळ्याच्या सुट्टीत आमच्या लॅबमध्ये शाळकरी मुलं काम करायला येतात. त्यांची निवड, पहिल्या दिवसाची भांबावलेली नजर आणि शेवटच्या दिवशीचं, केलेलं काम मांडणारं पोस्टर हे सगळं मी जवळून बघत आले आहे. अर्ज भरण्याआधी मुलं आणि त्यांचे आईवडील जे प्रश्न हमखास विचारतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत.

बायोमेडिकल इंजिनिअरिंग म्हणजे नेमकं काय? हा डॉक्टरकीचा रस्ता आहे की इंजिनिअरिंगचा?

बोटाला लावायचा पल्स ऑक्सिमीटर तुम्ही पाहिला असेल. त्या चिमट्यात दोन दिवे असतात. एक लाल, साधारण ६६० नॅनोमीटर तरंगलांबीचा, आणि दुसरा डोळ्यांना न दिसणारा अवरक्त, साधारण ९४० नॅनोमीटरचा. ऑक्सिजन घेतलेलं आणि न घेतलेलं हिमोग्लोबिन हे दोन प्रकाश वेगवेगळ्या प्रमाणात शोषतं. पण बोटात रक्ताशिवाय कातडी, हाड, स्नायू असं सगळंच असतं आणि तेही प्रकाश शोषतं. मग त्यातून धमनीतल्या रक्ताचा हिशेब वेगळा कसा काढायचा? जपानचे इंजिनिअर ताकुओ आओयागी हृदय किती रक्त पंप करतं ते रंगद्रव्याच्या मदतीने मोजायच्या खटपटीत होते आणि नाडीच्या ठोक्यांमुळे त्यांच्या मोजमापात सतत लहरी येत होत्या. त्या लहरी घालवता घालवता त्यांच्या लक्षात आलं, की ठोक्याबरोबर बदलणारा भाग हा फक्त धमनीतल्या रक्ताचा आहे, म्हणजे हवी ती माहिती नेमकी त्यातच आहे. १९७४ मध्ये त्यांनी ही कल्पना मांडली.

यात शरीरशास्त्र किती, प्रकाशाचं भौतिकशास्त्र किती, सर्किट किती आणि गणित किती, हे वेगळं करून दाखवता येणार नाही. हेच बायोमेडिकल इंजिनिअरिंग. कृत्रिम सांधे, श्रवणयंत्रं, एमआरआयच्या प्रतिमांचं विश्लेषण, पेशी वाढवण्यासाठीचे जेल, औषध हळूहळू सोडणारे कण हे सगळं यात येतं. पुढे काही जण डॉक्टर होतात, काही इंजिनिअर. शाळेत असताना ते ठरवायची गरज नाही.

आणि पल्स ऑक्सिमीटरची गोष्ट १९७४ ला संपलेली नाही. २०२० मध्ये अमेरिकेतल्या रुग्णांच्या एका अभ्यासात दिसलं, की रक्तातला ऑक्सिजन प्रत्यक्षात कमी असूनही यंत्राने तो ठीक दाखवण्याचं प्रमाण कृष्णवर्णीय रुग्णांमध्ये गोऱ्या रुग्णांच्या जवळजवळ तिप्पट होतं. इतकं रुळलेलं यंत्र, तरी त्वचेच्या रंगाचा प्रश्न शिल्लकच. शाळकरी मुलांना या क्षेत्रात करण्यासारखं काय असणार, असं कोणी विचारलं की मी हेच उदाहरण देते.

शाळेच्या वयात खरंखुरं संशोधन होतं का, की नुसती लॅबची सहल असते?

दोन्ही प्रकार आहेत. पण खरं संशोधन होतं, यात मला शंका नाही. अमेरिकेत मेन राज्यातल्या जॅक्सन लॅबोरेटरीचा उन्हाळी कार्यक्रम १९२४ पासूनचा आहे. १९५५ च्या उन्हाळ्यात शाळेत शिकणारा डेव्हिड बाल्टिमोर तिथे गेला. हॉवर्ड टेमिन त्याच्याहून काही वर्षांनी मोठा, तोही शाळेत असताना याच कार्यक्रमात आलेला, आणि त्या उन्हाळ्यात तो या मुलांना मार्गदर्शन करत होता. पुढे १९७० मध्ये दोघांनी स्वतंत्रपणे रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज हे, आरएनएवरून डीएनए बनवणारं, एन्झाइम शोधलं आणि १९७५ च्या नोबेल पारितोषिकात दोघं वाटेकरी झाले. सहा आठवड्यांत कोणी नोबेलचं काम करत नाही, हे उघड आहे. मात्र आपल्यापेक्षा थोडं पुढे गेलेलं माणूस रोज शेजारी काम करत असणं किती मोलाचं असतं, ते यातून कळतं.

असे कार्यक्रम कोणकोणते आहेत?

ढोबळमानाने तीन तऱ्हा. पहिली, चालू असलेल्या लॅबमध्ये थेट काम. एमआयटीत होणारी रिसर्च सायन्स इन्स्टिट्यूट (१९८४ पासून, सहा आठवडे), स्टोनी ब्रूक विद्यापीठाचा सायमन्स कार्यक्रम (तोही १९८४ पासून), स्टॅनफर्डच्या वैद्यकीय विभागांचा आठ आठवड्यांचा सिमर हा कार्यक्रम, ज्यात बायोइंजिनिअरिंगचीही शाखा आहे, आणि टेक्सास टेक विद्यापीठाचा क्लार्क स्कॉलर्स, ज्यात जेमतेम बारा मुलं घेतात, ही या तऱ्हेतली ओळखीची नावं. बोस्टन विद्यापीठाच्या राइज कार्यक्रमातही लॅबमध्ये काम करता येतं, पण तिथे शुल्क भरावं लागतं.

दुसरी तऱ्हा अभ्यासक्रमाची. जॉन्स हॉपकिन्सचा बायोमेडिकल इंजिनिअरिंग इनोव्हेशन हा तसा. यात शरीराच्या संस्थांची गणिती मॉडेलं, छोटे प्रयोग आणि गटाने करायचा एखादा डिझाइन प्रकल्प असतो. ज्यांनी कधी सोल्डरिंग आयर्न हातात धरलेलं नाही, त्यांना मी आधी हाच प्रकार सुचवते.

तिसरी तऱ्हा म्हणजे घरबसल्या ऑनलाइन मेंटॉर मिळवून देणाऱ्या खासगी संस्था. त्यांच्याबद्दल पुढे पैशांच्या प्रश्नात लिहिलं आहे.

वयाची अट इतकी कडक का असते?

लॅबमध्ये रसायनं, धारदार वस्तू आणि जैविक नमुने असतात, आणि विम्याचे व सुरक्षेचे नियम वयावर बेतलेले असतात. म्हणून बऱ्याच ठिकाणी १६ वर्षं पूर्ण लागतात, क्लार्क स्कॉलर्सला तर १७. एक दिवस कमी पडला तरी सूट मिळत नाही. तेव्हा जन्मतारखेचा हिशेब आधी करा, निबंध नंतर लिहा.

नागरिकत्वाची अट असते का?

अनेक ठिकाणी असते. सायमन्स आणि सिमर हे अमेरिकेचे नागरिक किंवा कायमचे रहिवासी असलेल्यांसाठी आहेत. रिसर्च सायन्स इन्स्टिट्यूटमध्ये इतर देशांतली मुलंही येतात, त्यांतली काही आपापल्या देशातल्या सहयोगी संस्थांमार्फत निवडून आलेली असतात. नियम दरवर्षी बदलू शकतात, म्हणून त्या त्या वर्षाची अधिकृत माहिती शेवटच्या ओळीपर्यंत वाचायची. मागच्या वर्षी निवडल्या गेलेल्या मित्राच्या भरवशावर राहू नये.

अर्ज कधी करायचे?

उन्हाळा येण्याच्या कितीतरी आधी. मोठ्या कार्यक्रमांच्या मुदती डिसेंबर ते मार्च या काळात संपतात. शिक्षकांना शिफारसपत्रासाठी निदान महिनाभर आधी विचारा.

गुण किती लागतात? निबंधात काय लिहायचं?

गुण चांगले हवेत, पण एका मर्यादेनंतर सगळ्यांचेच चांगले असतात. निवड करणारा माणूस खरा थांबतो तो निबंधापाशी.

आमच्याकडे येणाऱ्या बहुतेक निबंधांची सुरुवात ‘मला लहानपणापासून विज्ञानाची आवड आहे’ अशी असते. त्यात खोटं काहीच नसतं, पण त्यातून लिहिणारी व्यक्ती दिसत नाही. एका मुलीचा निबंध मात्र माझ्या अजून लक्षात आहे. तिने लिहिलं होतं, की आजोबांना मिठी मारली की त्यांच्या कानातलं यंत्र शिट्टी वाजवतं. असं का होतं, हे तिने शोधलं: यंत्रातून कानात सोडलेला आवाज फटीतून बाहेर येतो, जवळ आलेल्या डोक्यावर किंवा हातावर आपटून परत मायक्रोफोनमध्ये शिरतो, पुन्हा मोठा होतो आणि हे चक्र चालू राहतं. मग तिने तळहात कानापासून वेगवेगळ्या अंतरावर धरून शिट्टी कुठे सुरू होते, ते फोनवर रेकॉर्ड केलं. आणि शेवटी एक वाक्य: ‘माझ्या हाताचा कोन दर वेळी सारखा नव्हता, त्यामुळे या आकड्यांवर माझा फारसा विश्वास नाही.’

त्या वाक्यावर तिची निवड झाली म्हटलं तरी चालेल. आपल्याच मोजमापावर शंका घेणारी मुलगी आम्हाला लॅबमध्ये हवी होती. तिच्याकडे ना पदक होतं, ना कुठलं प्रमाणपत्र.

तेव्हा एकच गोष्ट घ्या, जी तुम्ही स्वतः पाहिली, मोडली, जोडली किंवा मोजली आहे. ती बारकाईने लिहा. जिथे अडलात, तेही लिहा. आणि मोठ्यांकडून निबंध ‘सुधारून’ घेऊ नका. चाळिशीतल्या माणसाची वाक्यं सोळा वर्षांच्या अर्जात लगेच ओळखू येतात.

शिफारसपत्र कोणाकडून घ्यावं?

ज्या शिक्षकांनी तुम्हाला चुकताना आणि चूक दुरुस्त करताना पाहिलं आहे, त्यांच्याकडून. पद कितीही मोठं असो, तुम्हाला नीट न ओळखणाऱ्या माणसाच्या पत्राचा उपयोग नाही.

कोडिंग यायलाच हवं का?

यायलाच हवं असं नाही, पण थोडं पायथन (प्रोग्रॅमिंगची एक भाषा) येत असेल तर पहिले दोन आठवडे वाचतात. प्रतिमा मोजण्यासाठी इमेज-जे नावाचं मोफत सॉफ्टवेअर जगभरच्या लॅबमध्ये वापरतात. ते घरी उतरवून एखाद्या फोटोतल्या पेशी मोजून पाहा. मॅटलॅब हे आकडेमोडीचं सॉफ्टवेअर लॅबमध्ये शिकवतात.

रोज नेमकं काय करावं लागतं?

या प्रश्नाचं उत्तर जरा सविस्तर देते, कारण अपेक्षाभंग होतो तो इथेच.

पहिल्या आठवड्यात सुरक्षेचं प्रशिक्षण असतं आणि मग पिपेट, म्हणजे थोडासा द्रव मोजून घ्यायचं साधन. पिपेटच्या बटणाला दोन टप्पे असतात. पहिल्या टप्प्यापर्यंत दाबून द्रव ओढायचा, आणि सोडताना दुसऱ्या टप्प्यापर्यंत दाबून शेवटचा थेंबही बाहेर काढायचा. ओढतानाच दुसऱ्या टप्प्यापर्यंत दाबलं तर द्रव जास्त येतो, आणि नवशिक्या हातांकडून नेमकं तेच होतं. म्हणून आम्ही मुलांना साधं पाणी देतो. १०० मायक्रोलिटर पाण्याचं वजन जवळपास १०० मिलिग्रॅम भरतं. काट्यावर दहा वेळा थेंब टाका आणि दहा आकडे लिहा. पहिल्या दिवशी आकडे ९१, १०७, ९८ असे उड्या मारतात. आठवड्याअखेर ते ९९-१०० च्या आसपास स्थिरावतात आणि मुलांचा चेहरा बघण्यासारखा होतो.

त्यानंतर पेशी. त्या ३७ अंश सेल्सिअस तापमानाला आणि ५ टक्के कार्बन डायऑक्साइडच्या हवेत इनक्युबेटरमध्ये वाढतात. हात आत घालण्याआधी हातमोजे, बाटल्या, टेबल सगळ्यांवर ७० टक्के इथेनॉल फवारायचं. शंभर टक्के का नाही, असं मुलं विचारतात आणि मला तो प्रश्न फार आवडतो. जंतूंची प्रथिनं बिघडवायला अल्कोहोलला पाण्याची साथ लागते, शिवाय निव्वळ अल्कोहोल फार पटकन उडून जातं. एवढं करूनही एखाद्या सकाळी फ्लास्कमधलं लालसर द्रावण पिवळं आणि गढूळ झालेलं दिसतं. बॅक्टेरिया शिरलेले असतात. दोन आठवड्यांच्या पेशी टाकून द्यायच्या आणि पुन्हा सुरुवात. डोळ्यांत पाणी येतं मुलांच्या. मलाही वाईट वाटतं.

पेशी जगल्या की चाचण्या. एमटीटी नावाच्या चाचणीत पिवळं रसायन घालतात आणि जिवंत पेशी त्याचं जांभळं करतात. ९६ छोट्या खळग्यांची प्लेट असते, त्यातला जांभळेपणा यंत्राने मोजायचा, आणि मग नव्या जेलमुळे पेशी मरतात की तगतात ते ठरवायचं. दुपारी आकडेमोड, आठवड्यातून एकदा लॅबची बैठक, मधल्या वेळात पेपर वाचन. इलेक्ट्रॉनिक्सच्या लॅबमध्ये पेशींच्या जागी सेन्सर असतात आणि बॅक्टेरियाच्या जागी सैल झालेली वायर.

रक्त, प्राणी किंवा रुग्णांवर काम करू देतात का?

क्वचित, आणि देखरेखीखालीच. माणसांकडून माहिती घ्यायची असेल तर, मग ती नुसती नाडी मोजणं का असेना, आधी नैतिकता समितीची मंजुरी आणि सहभागी होणाऱ्याची संमती लागते. प्राण्यांसाठी वेगळी समिती असते. जैविक धोक्यानुसार लॅबचे चार स्तर आहेत. शाळकरी मुलं पहिल्या किंवा दुसऱ्या स्तरावरच काम करतात. आंतरराष्ट्रीय विज्ञान स्पर्धा आयसेफचे नियमही तिसऱ्या आणि चौथ्या स्तरावरचं काम विद्यार्थ्यांना करू देत नाहीत, आणि घरी बॅक्टेरिया वाढवायलाही त्यांची मनाई आहे. पुढे स्पर्धेत उतरायचं मनात असेल तर त्यांचे फॉर्म प्रयोग सुरू करण्याआधी भरा. नंतर भरून चालत नाही.

पैसे भरावे लागणारे कार्यक्रम वाईट असतात का?

नाही. विद्यापीठात राहण्या-जेवण्याचा खर्च असतोच आणि प्रत्येक कार्यक्रमाच्या पाठीशी देणगीदार नसतो. रिसर्च सायन्स इन्स्टिट्यूटला प्रवास सोडून खर्च नाही, तो अपवाद म्हणायचा. बऱ्याच सशुल्क ठिकाणी आर्थिक मदत मिळते. मागायला संकोच करू नका.

मला चीड येते ती दुसऱ्याच गोष्टीची. ‘आठ आठवड्यांत शोधनिबंध छापून येण्याची हमी’ असं सांगून पालकांकडून भरमसाट रक्कम घेतली जाते. संशोधनाच्या निकालाची हमी कोणी देऊच शकत नाही. हमी असेल तर निकाल आधीच ठरलेला आहे, किंवा निबंध दुसऱ्याने लिहिला आहे, किंवा ते नियतकालिक पैसे घेऊन काहीही छापणारं आहे. असा निबंध हातात घेऊन एक मुलगा माझ्याकडे मुलाखतीला आला होता. त्यातल्या पहिल्या आलेखाचा उभा अक्ष काय दाखवतो, हे त्याला सांगता येईना. मुलगा हुशार होता आणि त्याची फसवणूक झाली होती, इतकंच.

पैसे भरण्याआधी आयोजकांना विचारा: रोज माझ्याबरोबर कोण असेल, ती व्यक्ती आठवड्यातले किती तास देईल, माझा प्रश्न कोण ठरवणार, आणि मागच्या वर्षीच्या एखाद्या विद्यार्थ्याशी बोलता येईल का? संस्थेचं नाव कितीही मोठं असलं तरी ही उत्तरं गुळमुळीत आली तर तिथे जाऊ नका. आणि छोट्या, अनोळखी कॉलेजातली पीएचडी करणारी एखादी विद्यार्थिनी रोज तीन तास शेजारी बसणार असेल, तर बेलाशक जा.

शोधनिबंधात माझं नाव येईल का?

कधीतरी, एकदोन वर्षांनी, तुमचा डेटा खरोखर वापरला गेला तर. बहुतेकदा आभारांत नाव येतं. शेवटच्या आठवड्यात पोस्टर मात्र नक्की होतं.

प्रयोग फसला तर उन्हाळा वाया गेला का?

विलेम कोल्फ यांनी नेदरलँड्समध्ये १९४३ मध्ये डायलिसिसचं यंत्र माणसांवर वापरायला सुरुवात केली. सॉसेजच्या आवरणासाठी मिळणारं सेलोफेन एका फिरत्या पिंपाला गुंडाळलेलं, असं ते यंत्र होतं. त्यामुळे खऱ्या अर्थाने जीव वाचलेली पहिली रुग्ण त्यांना १९४५ मध्ये मिळाली. मधल्या काळातले रुग्ण दगावत गेले आणि ते यंत्रात, पद्धतीत बदल करत राहिले. तुमच्या पोस्टरवर ‘अपेक्षित परिणाम दिसला नाही’ असं आलं, आणि का दिसला नसावा हे तुम्हाला सांगता आलं, तर परीक्षक तिथेच जास्त वेळ थांबतात. नको असलेले बिंदू आलेखातून खोडणं हा मात्र गुन्हाच. त्याला माफी नाही.

एखाद्या प्राध्यापकांना थेट ईमेल केला तर चालतो का?

चालतो. पाच-सहा ओळींत लिहा. त्यांच्या एका पेपरमधली कुठली गोष्ट समजली आणि कुठली नाही, तुम्हाला काय येतं, आणि कुठल्या तारखांना मोकळे आहात. पन्नास जणांना एकच मजकूर पाठवू नका. दोन आठवड्यांनी एकदा आठवण करा, मग सोडून द्या.

कुठेच निवड झाली नाही. आता?

बहुतेकांची होत नाही, कारण जागाच थोड्या असतात. घरी बसून करण्यासारखं एक काम सांगते, आणि ते मनापासून केलं तर पुढच्या वर्षीचा निबंध त्यातूनच निघेल.

फिजिओनेट नावाच्या मोफत संग्रहात एमआयटी-बीआयएचचा प्रसिद्ध ईसीजी डेटा आहे. ४७ व्यक्तींच्या ४८ नोंदी, प्रत्येकी अर्ध्या तासाची, सेकंदाला ३६० मोजमापं. प्रत्येक ठोक्यावर तज्ज्ञांनी खूण केलेली आहे, म्हणजे तुमचं उत्तर ताडून बघता येतं. १०० क्रमांकाची नोंद उघडा. पायथनमध्ये असा प्रोग्रॅम लिहा, की लहर ठरावीक उंचीच्या वर गेली की एक ठोका मोजायचा. त्या नोंदीत २२७३ ठोके आहेत, मिनिटाला साधारण पंचाहत्तर-शहात्तर. तुमचा आकडा याच्या जवळपास येईल आणि तुम्हाला आनंद होईल.

मग तोच प्रोग्रॅम १०५ क्रमांकाच्या नोंदीवर चालवा. ती नोंद गोंगाटाने भरलेली आहे. रेषा वरखाली तरंगते, मध्येच हालचालीचे उंचवटे येतात, आणि तुमचा प्रोग्रॅम नसलेले ठोके मोजतो, असलेले गाळतो. आता खरं काम सुरू झालं. तरंगणारी रेषा कशी सपाट करायची? विजेच्या तारांची ६० हर्ट्झची गुणगुण कशी गाळायची? उंचीऐवजी चढाचा वेग पाहिला तर? १९८५ मध्ये पॅन आणि टॉम्पकिन्स यांनी याच प्रश्नाला दिलेलं उत्तर आजही शिकवलं जातं. ते आधी वाचू नका. आठवडाभर स्वतः झगडा, मग वाचा. किती ठोके चुकले आणि किती उगाच मोजले, याचा तक्ता प्रत्येक बदलानंतर ठेवा.

पालक म्हणून आम्ही काय पाहावं?

मुक्कामी देखरेख कोणाची, आजारपणात संपर्क कोणाशी, मुलं आणि मोठी माणसं एकटी असतात तेव्हाचे नियम काय, हे लेखी मागा. आणि रोज फोनवर ‘आज काय शोधलंस?’ असं विचारू नका. ‘आज काय बिघडलं?’ विचारलंत तर मुलं भरभरून बोलतील.

शेवटच्या दिवशी काय न्यायचं, काय ठेवून यायचं?

लॅबची वही लॅबमध्येच राहते. ती तुमच्या अक्षरात असली तरी तुमची नसते. फोटो काढायचे असतील तर परवानगी घ्या. निघण्याआधी वहीच्या शेवटच्या पानावर लिहा: कुठली फाइल कुठे आहे, फ्रीजरच्या कुठल्या डब्यात कुठल्या तारखेचे नमुने आहेत, आणि काय करायचं राहिलं. ऑक्टोबरमध्ये कोणीतरी ती वही उघडतं आणि त्या पानावरून पुढे काम सुरू करतं. महिन्याभराने मेंटॉरला ईमेल करून विचारा, की नमुने तपासून झाले का.